आधी ईसीजी, मग धसका

मायक्रोफायनान्सची वसुलीची माणसं दारात उभी राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलून गेली, आणि त्याच रात्री घरातली बाई छातीत कळ येऊन गेली. अशी बातमी आली की आमच्या बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात दोन तट पडायला वेळ लागत नाही. एक तट म्हणतो, वसुलीवाल्यांनी बळी घेतला, बाई धसक्यानं गेली, गुन्हा नोंदवा, भरपाई द्या. दुसरा म्हणतो, काहीतरीच काय. तिला आधीपासून बीपी होतं, शुगर होती, धसक्यानं कुणी मरत नसतं, हे सगळं पैशासाठी चाललंय. पुढचे चार दिवस कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीत, बसस्टँडवर हाच वाद. तिच्या छातीत कळ आली तेव्हा किती वाजले होते, घाम फुटला होता का, कुणी ईसीजी काढला का, एवढं मात्र दोघांपैकी एकही विचारत नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. धसक्यानं हृदयाचा स्नायू खरोखर निकामी होऊ शकतो, त्यात कवीकल्पना काही नाही. पण दुःखाचं कारण कळलं म्हणजे आजाराचं निदान झालं, असं होत नाही. पहिला तट बाई गेल्यावर तपासाशिवाय निकाल देतो. दुसरा ती जिवंत असतानाच देऊन मोकळा होतो, ‘टेन्शन घेतलंय, बाकी काही नाही.’ दोघांचीही गफलत एकच आहे. मन आणि छाती ही दोन वेगळी खाती आहेत, आणि एकात नोंद झाली की दुसऱ्यात करायची गरज नाही, असं ते धरून चालतात.

आधी जे नक्की माहीत आहे ते. जपानमध्ये हिकारू सातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये हा आजार पहिल्यांदा नीट मांडला. अचानक छातीत कळ, दम, ईसीजीवर हुबेहूब हार्ट अटॅकच्या खुणा, हृदयाचा स्नायू दुखावला की रक्तात उतरणारं ट्रोपोनिन वाढलेलं. पण अँजिओग्राफीत हे सगळं घडवून आणेल असा ब्लॉक कुठंच नाही. आणि हृदयाच्या डाव्या कप्प्याचं टोक ठोक्यासरशी आकसायचं सोडून फुगतंय, वरचा भाग तेवढा जोर लावतोय. कप्प्याचा तो आकार तिकडच्या कोळ्यांच्या ऑक्टोपस धरायच्या मडक्यासारखा दिसला म्हणून नाव पडलं ताकोत्सुबो. भीती, शोक, संताप यांच्या झटक्यात ॲड्रेनलिन आणि त्याच्या भावकीतली रसायनं रक्तात एकदम उसळतात. हृदयाच्या टोकाकडे त्यांना प्रतिसाद देणारी केंद्रं जास्त असावीत आणि मारा अती झाला की तिथला स्नायू बधिर होत असावा, असं सध्या मानलं जातं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये १९ पेशंटांचा अभ्यास छापला. त्यांच्या रक्तातली ही रसायनं मोठ्या हार्ट अटॅकच्या पेशंटांपेक्षाही दोन-तीन पट जास्त होती. पुढे २०१५ मध्ये युरोप-अमेरिकेतल्या १,७५० पेशंटांची नोंद प्रसिद्ध झाली. त्यात जवळपास ९० टक्के बायका, सरासरी वय ६७ च्या आसपास. पाळी गेल्यानंतरच्या वयात इस्ट्रोजेन या बायकांच्या संप्रेरकाचं संरक्षण कमी होतं, हे त्याचं एक संभाव्य कारण सांगतात.

म्हणजे ‘धसक्यानं काही होत नाही’ म्हणणाऱ्यांचा मुद्दा इथंच निकालात निघाला काय? नाही. त्यांच्या बाजूचं सगळ्यात वजनदार बोलणं अजून मांडलेलंच नाही, आणि ते मांडल्याशिवाय पुढं जाणं बरोबर होणार नाही. मी बेळगावच्या शहापुरात औषधाच्या दुकानात बसतो. छातीत धडधडतंय, कसंतरी होतंय, श्वास पुरत नाही, असं सांगत येणाऱ्यांत बहुतेकांचं हृदय ठणठणीत असतं. कुणाला पित्त, कुणाला जागरण, कुणाला खरोखरच घबराट. प्रत्येकाला ॲम्ब्युलन्समध्ये घातलं तर दवाखाने बंद करून ठेवावे लागतील. हार्ट अटॅकच्या संशयानं भरती होणाऱ्या शंभरांत ताकोत्सुबो निघतो तो एखाद-दोघांना. इतक्या विरळ आजारासाठी एवढा आटापिटा कशाला, हा प्रश्न रास्त आहे.

पण तो प्रश्न विचारणारा एक गोष्ट गृहीत धरतो. शोक झालेल्या बाईच्या छातीत दुखलं तर दोनच शक्यता, एकतर मनाचं किंवा तो विरळ आजार. तिसरी शक्यता त्याच्या हिशेबात येतच नाही, आणि खरा धोका तिथंच आहे. शोकामुळं साधा, नेहमीचा, हृदयाच्या नळीत रक्ताची गाठ होऊन येणारा हार्ट अटॅकसुद्धा येतो. अमेरिकेत अटॅक येऊन वाचलेल्या जवळपास दोन हजार जणांची माहिती घेऊन २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जवळचं माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या चोवीस तासांत अटॅकचा धोका एरवीच्या सुमारे २१ पट असतो, असं त्यात निघालं. मुळात धोका लहान असेल तर त्याचे २१ पट म्हणजे काही प्रत्येक घरात अटॅक नव्हे, हे कबूल. पण ज्या बाईला आधीच बीपी आहे, शुगर आहे, जिच्या नळ्यांत वीस वर्षांचा गाळ बसलाय, तिच्या बाबतीत तो मुळातला धोका लहान नसतो. म्हणजे ज्या कारणासाठी आपण तिला घरात ठेवतो, ‘अहो कालच भाऊ वारलाय तिचा’, तेच कारण तिला लगेच दवाखान्यात न्यायचं आहे.

हे वाक्य मी उगाच बनवलेलं नाही. दुकानात एक पोरगं चिठ्ठी घेऊन आलं होतं, आजीसाठी गॅसची गोळी. गिऱ्हाईक नव्हतं म्हणून चार प्रश्न विचारले. गर्दी असती तर पट्टी फाडून दिली असती, हेही खरंच. घाम आलाय काय? आलाय. ओकारी? दोनदा झाली. कुठं दुखतंय? पोरानं स्वतःच्या जबड्याला आणि पाठीला हात लावून दाखवला. घरी फोन लावला तर सून म्हणाली, ‘हार्टचं काय नाही ओ. काल त्यांचा भाऊ वारला, रडून रडून असं झालंय. दुखतंय म्हणतात, खरं रात्रीपासून पोटात काय नाही त्यांच्या. गॅसची द्या चांगलीतली.’ म्हातारीच्या नाकाला कांदा लावून झाला होता, लिंबूपाणी देऊन झालं होतं, आणि शेजारणी सांगत होत्या, रडू दे, मन मोकळं होऊ दे. गोळी दिली नाही, रिक्षा पाठवली. ईसीजी बिघडलेला, अँजिओत एक नळी बंद. ताकोत्सुबो वगैरे काही नाही, चांगला सणसणीत अटॅक. सुनेचं काय चुकलं? तिनं सासूच्या दुःखाचं कारण अचूक सांगितलं होतं, आणि ते कारण इतकं पटण्यासारखं होतं की दुसरं काही शोधायची कुणाला गरजच वाटली नाही.

पुरुषाच्या बाबतीत असं होतं का? पन्नाशीचा माणूस भाऊ वारल्यावर छाती धरून बसला तर त्याला कांदा हुंगवत बसतात का? चार जण उचलून गाडीत घालतात. बाईच्या दुखण्याला मात्र आधी गोष्ट शोधली जाते. सून पटत नाही, पोरगी नांदत नाही, नवरा गेल्यापासून अशीच करते. बायकांना अटॅक येतो तेव्हा छातीच्या कळेबरोबर दम लागणं, मळमळ, पाठ-जबडा दुखणं, गळून जाणं हे पुरुषांपेक्षा जास्त वेळा दिसतं, आणि या लक्षणांवर घरगुती गोष्ट चिकटवणं सोपं जातं. दवाखान्यातही हे सुटत नाही. आमच्याकडं केसपेपर कन्नडमध्ये, म्हातारी मराठीत, डॉक्टर कधी कलबुर्गीचे तर कधी दावणगेरीचे. पुष्कळांना मराठी समजतं, पण घाईत बरोबर आलेलाच बोलतो, आणि तो कळ कधी सुरू झाली इथून सुरुवात करत नाही. दुःख कधी सुरू झालं इथून करतो. ऐकणारा डॉक्टर दमलेला असला की तोही तिथंच थांबतो.

आता पहिल्या तटाकडं वळतो, कारण माझी सहानुभूती मुळात त्यांच्याकडं आहे आणि म्हणूनच त्यांचा युक्तिवाद मला जास्त टोचतो. ताण माणसं मारतो, हे त्यांचं म्हणणं खरं आहे, आणि त्याला पुरावा भरपूर आहे. १७ जानेवारी १९९४ ला पहाटे लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजचा भूकंप झाला. त्या दिवशी त्या भागात हृदय अचानक बंद पडून २४ जण गेले; आधीच्या आठवड्यात रोजची सरासरी होती पाचाच्या आत. २००६ च्या फुटबॉल विश्वचषकात जर्मनीचा सामना असेल त्या दिवशी म्युनिक परिसरात हृदयाच्या तातडीच्या केसेस अडीच पटीहून जास्त झाल्या. इंग्लंडमध्ये बायको गेलेल्या पंचावन्नच्या पुढच्या पुरुषांचा १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातले मृत्यू अपेक्षेपेक्षा ४० टक्के जास्त निघाले. फुटबॉलची मॅच माणसाला दवाखान्यात पोचवू शकते, तर दारात उभं राहून चारचौघांत अब्रू काढणारा वसुलीवाला का नाही? ‘तिला आधीच बीपी होतं’ हे त्याला उत्तर होत नाही. आधीच कमकुवत असलेल्याला धक्का देणं हा धक्का देणाऱ्याचा बचाव कधीपासून झाला?

यावर मला जॉन हंटरची गोष्ट आठवते. अठराव्या शतकातला लंडनचा नामांकित सर्जन. त्याला छातीत कळा यायच्या, आणि राग आला की हमखास यायच्या. मला चिडवू शकेल अशा कुठल्याही हलकटाच्या हातात माझा जीव आहे, असं तो म्हणायचा म्हणतात. १६ ऑक्टोबर १७९३ ला सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या बैठकीत वादावादी झाली आणि हंटर तिथंच कोसळून गेला. शवविच्छेदनात त्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या कडक झालेल्या सापडल्या. आता सांगा, हंटर भांडणानं गेला की नळ्यांनी? आमचे दोन्ही तट त्या बैठकीत असते तर एकानं समितीवर गुन्हा नोंदवा म्हटलं असतं, दुसऱ्यानं नळ्यांकडं बोट दाखवलं असतं, आणि दोघंही निम्मे बरोबर ठरले असते. नळ्या वर्षानुवर्षं बिघडत होत्या. दिवस कुठला ते भांडणानं ठरवलं. हंटरला निदान शवविच्छेदन तरी मिळालं, म्हणून आज सव्वादोनशे वर्षांनंतर आपण एवढं बोलू शकतो.

आमच्याकडं काय होतं? रात्री बाई गेली, सकाळी नातलग जमले, दुपारपर्यंत अंत्यसंस्कार. संध्याकाळी पत्रक, की धसक्यानं बळी. हे सिद्ध कसं करणार? ताकोत्सुबो ओळखायला माणूस जिवंत लागतो. एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, लागतो, अँजिओ लागते. गेल्यानंतर शवविच्छेदन केलं तरी नळी बंद होती का ते कळतं, धसक्याची म्हणून ठाम अशी खूण हाती लागत नाही. आणि इथं तर तेही केलेलं नसतं. मग जे दावे खरेही ठरवता येत नाहीत आणि खोटेही, त्यांच्यावर भरपाई उभी राहिली की काय होतं, ते दक्षिणेत दोनदा दिसून गेलंय. सप्टेंबर २००९ मध्ये आंध्रचे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी हेलिकॉप्टर अपघातात गेले, तेव्हा धसक्यानं शेकडो जण मेल्याचं सांगितलं गेलं. पुढं त्या कुटुंबांना भेटायची यात्राच निघाली आणि तिच्यातून नवं राजकारण उभं राहिलं. डिसेंबर २०१६ मध्ये जयललिता गेल्या. त्यांच्या पक्षानं शोकानं मेलेल्यांच्या याद्या काढल्या, त्याही शेकड्यांत, आणि प्रत्येक कुटुंबाला तीन लाख रुपये जाहीर केले. त्या याद्यांत खरोखर धसक्यानं गेलेलं कुणीच नसेल असं मी म्हणणार नाही; काहीजण नक्की असतील. पण मोठ्या राज्यात कुठल्याही दिवशी कित्येक माणसं हृदयविकारानं जातातच, आणि त्या दिवसाची बातमी त्या सगळ्यांच्या नावापुढं कारण म्हणून लिहिता येते.

आपण मराठी माणसं यात मागं नाही. पानिपतच्या धसक्यानं नानासाहेब पेशवे गेले, हे वाक्य आपल्या इतक्या अंगवळणी पडलंय की त्यातली तारीख कुणी बघत नाही. पानिपत झालं १४ जानेवारी १७६१ ला, नानासाहेब पर्वतीवर गेले २३ जूनला. मधे पाच महिने आहेत, आणि प्रकृती त्याआधीच ढासळत चालली होती. मुलगा विश्वासराव आणि भाऊ दोघं एका दिवशी गेलेल्या माणसाचं काळीज तुटलं नसेल असं कोण म्हणेल? पण ताकोत्सुबोचं बिघडलेलं हृदय बहुतेकांत काही आठवड्यांत पूर्वपदावर येतं किंवा माणूस सुरुवातीच्याच दिवसांत जातो. पाच महिने खंगत जाणं हा वेगळा मामला आहे, त्यात जुना आजार असतो, सोडलेलं अन्न असतं, मोडलेली उमेद असते. बेळगावच्या वर्तमानपत्रांत जुन्या कार्यकर्त्यांच्या निधनवार्ता येतात, ‘सीमाप्रश्नाची तळमळ काळजात घेऊन गेले’. तळमळ खरीच होती. त्या पिढीनं १९५६ पासून दुसरं काय केलं? पण १७ जानेवारी १९५६ ला आणि नंतर १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात जे गोळीबारात पडले, त्यांच्या मृत्यूचं कारण कुणाला शोधत बसावं लागलं नाही. ऐंशीव्या वर्षी हृदयविकारानं गेलेल्या माणसाला त्या रांगेत नेऊन बसवायची गरज नाही. त्यानं त्याचा मान कमी होत नाही आणि गोळीबारात पडलेल्यांचाही राहतो.

कायद्याचंही बघा. जुन्या दंड संहितेच्या कलम २९९ चं पहिलं स्पष्टीकरण, जे आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १०० मध्ये आलंय, ते सांगतं की आधीच आजारी असलेल्या माणसाला शारीरिक इजा करून कुणी त्याचा मृत्यू लवकर ओढवला, तर त्यानंच मृत्यू घडवला असं मानायचं. म्हणजे ‘तिला बीपी होतं’ हा बचाव कायद्यानं केव्हाच निकालात काढलाय. पण त्यात शब्द आहेत शारीरिक इजा. दारात उभं राहून बोललेले शब्द त्यात बसवायचे तर वकिलाला घाम फुटेल, आणि मधे ईसीजी नाही, एको नाही, शवविच्छेदन नाही, म्हटल्यावर समोरचा वकील पाच मिनिटांत सुटका करून घेईल.

आणि मुळात छळ सिद्ध करायला प्रेत कशाला लागावं? २०२५ च्या जानेवारीत मायक्रोफायनान्सच्या वसुलीचा जाच कर्नाटकभर गाजला, बेळगाव जिल्हा त्यात पुढं होता. घरं सील झाली, बायाबापड्या उघड्यावर आल्या. फेब्रुवारीत सरकारनं वटहुकूम काढला. जबरदस्तीच्या वसुलीला दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. त्यात गुन्हा आहे तो जबरदस्तीचा. कुणी मेलं पाहिजे अशी अट नाही. तरीही आमची चळवळ मृत्यूची वाट बघते, कारण मृत्यूची बातमी पहिल्या पानावर येते आणि जिवंत बाईची तक्रार येत नाही. याचा परिणाम असा की जिच्या दारात वसुलीवाले तिसऱ्यांदा येऊन गेले पण जिचं हृदय टणक आहे, तिच्या बाजूनं कुणी उभं राहत नाही. तिनं काय मरून दाखवायचं?

तपासाआधी कारण ठरवायची ही खोड काही सीमाभागाचीच नाही. २०२५ च्या जून-जुलैत हासन जिल्ह्यात तरुण माणसं अचानक जात असल्याच्या बातम्या आल्या आणि कर्नाटकभर घबराट पसरली. कुणी कोविडची लस म्हणालं, कुणी ताण, कुणी खाणं. हृदयाच्या दवाखान्यांपुढं रांगा लागल्या. सरकारच्या समितीनं एकेक मृत्यू बघितला तेव्हा लसीशी संबंध दिसला नाही, आणि त्यातले काही मृत्यू तर हृदयाचे नव्हतेच असं निघालं. एकेक कागद बघणं हे कंटाळवाणं काम आहे. पण वादाची भाषा बदलली ती त्यानंच.

एक आक्षेप मात्र मला खरोखर अडवतो, आणि त्याचं पूर्ण उत्तर माझ्याकडं नाही. बेळगाव शहरात बसून ईसीजी-एको-अँजिओ म्हणणं सोपं आहे. खानापूरच्या पश्चिमेला, कणकुंबी-जांबोटीच्या पलीकडच्या जंगलातल्या वाड्यांवर पावसाळ्यात पेशंट खांद्यावर घालून आणावा लागतो. तिथल्या बाईला अँजिओ म्हणजे दुसऱ्या जगातली वस्तू. शिवाय ताकोत्सुबो आणि अटॅक ईसीजीवर सारखेच दिसत असतील, तर तालुक्याला नुसता ईसीजी काढून फरक तरी काय कळणार? कळणार नाही, हे खरं आहे. अँजिओची सोय लांब असेल तर डॉक्टर तो अटॅकच धरतात आणि गाठ विरघळवायचं इंजेक्शन देतात. कर्नाटकात पुनीत राजकुमार यांच्या नावानं जी हृदयज्योती योजना सुरू झाली, तिच्यात तालुका दवाखान्यातून ईसीजी मोठ्या केंद्राला पाठवून हेच करायची सोय आहे. एखादीला प्रत्यक्षात ताकोत्सुबो असेल तर तिच्या नळीत विरघळवायला काही नसतं, इंजेक्शनचा फायदा शून्य आणि रक्तस्रावाचा धोका मात्र राहतो. तरीही डॉक्टर थांबत नाहीत, आणि बरोबर करतात. कारण उलटी चूक, म्हणजे अटॅकला धसका समजून थांबणं, त्यापेक्षा खूपच जास्त जिवांना महाग पडते. म्हणून माझ्या लेखी आशा कार्यकर्तीच्या आणि गावच्या डॉक्टरच्या प्रश्नांचा क्रम बदलणं हे वाडीवरही जमण्यासारखं आहे. आधी कळ कधीपासून, घाम, दम, ओकारी, मग घरात काय झालं ते. रस्ता नाही म्हणून उशीर होणार असेल, तर घरात कांदा हुंगवण्यात आणखी दोन तास घालवायचे, याला काय अर्थ?

पुन्हा, ताकोत्सुबो हा ‘सौम्य’ आजार आहे असा एक गैरसमज डॉक्टरांतही काही काळ होता. बहुतेकांचं हृदय सावरतं म्हणून. पण भरती असताना शंभरात चार-पाच जण त्यानं दगावतात, म्हणजे जवळपास अटॅकइतकेच. बीपी कोसळतं, ठोका बिघडतो, फुगलेल्या टोकात रक्त साकळून त्याचा तुकडा मेंदूकडं जाऊ शकतो. आणि सगळ्याच केसेस शोकाच्या नसतात. त्या १,७५० जणांत भावनिक धक्का होता २८ टक्क्यांच्या आत. दमा, ऑपरेशन, हाड मोडणं, जंतुसंसर्ग अशी शारीरिक कारणं होती ३६ टक्क्यांत, आणि साधारण भावनिक धक्क्याइतक्याच, म्हणजे २८ टक्क्यांच्या थोड्या वर पेशंटांत कारणच सापडलं नाही. काही थोड्यांना तर आनंदाच्या धक्क्यानं झाला, वाढदिवस, लग्न असल्या प्रसंगी. तेव्हा बाई रडत होती म्हणून धसका, आणि रडत नव्हती म्हणून धसका नाही, ही दोन्ही अनुमानं फोल.

राहिला तो बरा झाल्यानंतरचा भाग, ज्याकडं कुणाचंच लक्ष नसतं. अँजिओ झाली, नळ्या मोकळ्या निघाल्या. डॉक्टर म्हणतात, ब्लॉकेज नाही. घरचे ऐकतात, काही नाही. ‘एवढे पैसे घातले आणि रिपोर्ट नॉर्मल’, हे बोलणं दवाखान्याच्या लिफ्टमध्येच सुरू होतं. पाच-सहा आठवड्यांनी एको केला तर तोही नॉर्मल, कारण टोक पुन्हा आकसायला लागलेलं असतं. आता त्या बाईच्या बाजूनं एकच कागद उरतो, पहिल्या दिवशीचा एको. तो हरवला की ती जन्मभर नाटकी ठरते. आणि नाटकी ठरलेल्या बाईला पुन्हा कळ आली, जी काहीजणींना वर्षांनंतरही येते, तर तिला कोण गाडीत घालणार? दम लागतो, थकवा जात नाही, असं महिनोन्‌महिने सांगणाऱ्या पेशंटांची नोंद आता वैद्यकातही घेतली जातेय. त्यांच्या सुना-मुलांपर्यंत ती पोचलेली नाही. डिस्चार्जच्या वेळी कार्डावर आजाराचं नाव मराठी-कन्नड दोन्हीत ठळक लिहून देणं, पहिल्या एकोची प्रत पेशंटच्याच हातात देणं आणि सहा आठवड्यांची तारीख तिथंच घालून देणं, याला सरकारचा वटहुकूम लागत नाही आणि सुप्रीम कोर्टाचा निकालही लागत नाही. दुकानात फायली घेऊन येणाऱ्यांना मी एवढंच सांगतो, की अँजिओची सीडी कपाटात गेली तरी चालेल, पहिल्या दिवसाचा एको मात्र रेशनकार्डाबरोबर ठेवा.